दुकान म्हणजे घर का?

चौसाळा, मंगळवार, दिवेलागण

आज गावच्या सहकारी सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला. घरात घुसणाऱ्याला मारूनही अडवायचा जेवढा हक्क घरमालकाला, तेवढाच दुकानात दुकानदाराला द्या, असं सरकारला कळवायचं.

हे सगळं शेषरावमुळे. माझा चुलत दीर, सोसायटीच्या पेंडीच्या दुकानात विक्रीला बसतो. दुष्काळामुळे गुरांसाठी पेंड कमी, रांग मोठी. गेल्या आठवड्यात गावातला गणपत रांग सोडून आत घुसला, शेषरावनं काठी घातली. गणपतचा हात मोडला, त्यानं पोलिसांत तक्रार केली.

मी रांगेतच होते. गणपतचे दोन्ही हात पोत्यावर होते.

"मारायला आला का पेंड न्यायला, हे बघत बसायचं का आमी?" बैठकीत चेअरमन म्हणाले.

खरंय, एकटा माणूस घाबरणारच. पण दोन्ही हात पोत्यावर! मी तसं बोललेही. तरी ठरावाला बाकी सगळ्यांचे हात वर झाले. माझा झाला नाही. चुकलं का माझं? शेषराव घरातलाच माणूस आहे.

घरी आले तर शेषराव दारात उभा.

"वैनी, उद्या ठाण्यात काय सांगणार तुमी?"

"दिसलं तेच, भावजी."

"मंग मी भ्यालतो, ते खोटं हाय का?"

"न्हाई. तुमी लई भ्यालते. मी बघितलंय. तेबी सांगन."

तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गणपतला बघून येतो. तुमी संगं येता का?"

चपला घातल्या आणि निघालो.