म्हातारा गेला ते भाग

मास्तर, सगळ्या वर्गानं एकदम दोन पानं उलटल्याचा तो आवाज सकाळपासून माझ्या कानात आहे. एक पान उलटलं तर नुसती सळसळ होते. दोन एकत्र धरून उलटली की तिच्यात जरा जडपणा येतो, धुतलेलं धोतर झटकल्यासारखा. तुम्ही खुर्चीवर बसला होतात. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हाताची अंगठी टेबलाच्या कडेवर, कारण कविता म्हणताना तुम्ही तिनंच ताल धरायचात. म्हणालात, "हे पान सोडा. कवीनं उगीच भर घातली आहे. पुढचं घ्या." आणि वर्गानं सोडलं. मी सातवीत होतो. आईचं तेरावं आदल्या दिवशी उरकलं होतं, आणि त्या सकाळी शाळेत आलो होतो. मुंडण केलेल्या डोक्यावर वडिलांची काळी टोपी, ती कानांपर्यंत उतरत होती. तुमच्या वर्गात डोक्यावर टोपी चालत नसे. दारातच मी टोपीला हात घातला, तर तुम्ही फळ्याकडे तोंड करून म्हणालात, "राहू दे ती." एवढंच. नंतर वाट चुकलेल्या गुराख्याची ती लांबलचक कविता सुरू झाली, आणि अर्ध्यावर ते पान आलं.

आज दुपारी घरात कुणी नाही. मळमड्डीतल्या या घरात दुपारी एवढी शांतता असते, की स्टेशनात गाडी थांबली तर ब्रेक ऐकू येतात. मुलगा-सून कामावर, नात हुबळीला विद्यानगरच्या कॉलेजात. मी आरामखुर्चीत, मांडीवर पाट घेऊन तुम्हाला लिहितोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याहून मीच वयानं मोठा झालोय. तरी "मास्तर" लिहिताना पाठ ताठ होते.

माझ्या छातीचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला दारातून ऐकू आलं: जिना नको, मीठ नको, आणि मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. डोळे भरून यायला काही लागत नसे, कढीला फोडणी बसली तरी यायचे. नात म्हणाली, "अज्जा, चल, तुला एक गोष्ट दाखवते. लांब आहे, पण तुला कुठं जायचंय?" ती एक जपानी चित्रमालिका होती. तिला अ‍ॅनिमे म्हणतात. मी कार्टून म्हणालो तर पोरगी जेवताना माझ्याशी बोलली नाही. एक पोरका मुलगा असतो, त्याच्या गावची घंटा चोरीला गेलेली असते, आणि तिचा आवाज शोधत तो डोंगरोडोंगरी हिंडतो. बरोबर त्याचा म्हातारा गुरू. एक डोळा अधू, हातात वेताचा पंखा. मुलगा चुकला की पंखा टाळक्यात. मला पहिल्याच दिवशी तुमची आठवण झाली. तुमच्याकडे पंखा नव्हता, पण टिचकी होती.

मालिका शेकडो भागांची. तेव्हा रोज संध्याकाळी आमच्यात एक बैठक भरायची: आज काय बघायचं आणि काय सोडायचं. नातीनं मला समजावलं की मूळ गोष्ट एक चित्रकार हप्त्याहप्त्यानं काढतो, मालिकावाले वेगानं दाखवतात, मग ते त्याला गाठतात. पुढची गोष्ट अजून जन्मलेलीच नसते. तोपर्यंत वेळ काढायला ते पदरचे भाग घालतात. त्याला फिलर म्हणायचं. मी म्हटलं, "म्हणजे भर. आमचे मास्तर म्हणायचे."

"तेच. गोष्ट पुढं जात नाही त्यात. सोडून द्यायचे."

"पुढं जायची घाई कुणाला आहे? मला तर नाही."

"अज्जा, असं बघत बसलास तर माझं लग्न होईल तरी घंटा सापडणार नाही."

"मग लवकर कर की लग्न."

असं चालायचं. ती मोबाइलवर बघून सांगायची, हे चार सोड, हे दोन सोड. मी हट्ट करून एखादा मागून घ्यायचो. एकात तो म्हातारा आणि तो मुलगा दिवसभर नुसते गळ टाकून बसतात, मासा लागत नाही, संध्याकाळी उठून जातात. मला तो भाग फार आवडला. कवितेतल्या पालुपदासारखा, पुढं न जाणारा. ती म्हणाली, "हा तर फिलरमधला फिलर." पण दाखवला.

मग मधे एक आठवडा ती अचानक उदार झाली. मीच म्हणायचो, "हे भर असेल ना?" तर ती म्हणे, "असू दे अज्जा, बघूया." म्हातारा रताळी भाजतो, म्हातारा जत्रेत हरवतो, म्हातारा दात काढून घ्यायला घाबरतो. एकामागून एक. त्यानंतर एके दिवशी म्हणाली, "आता यापुढचे पाच-सहा सोडायचे, काही नाही त्यात." सोडले. पुढच्या भागात मुलगा एकटाच चालत होता आणि वेताचा पंखा त्याच्या कमरेला खोचलेला होता.

मी काय केलं असेल, मास्तर? मी वाहवा म्हटलं! मी तिला सांगितलं, बघ, गुरूनं शिष्याला मोकळं केलं, हातातला पंखा दिला आणि स्वतः यात्रेला गेला असेल. एक शब्द न बोलता सांगितलं. याला म्हणतात उडी. थोर कवी असाच मधला भाग गाळतो. ती जोरजोरात मान हलवत होती. मग म्हणाली, "पाणी आणते हं," आणि आत गेली. पेला भरायला तिला फार वेळ लागला.

आज सकाळी रक्त तपासायला त्या बाई आल्या. प्रयोगशाळेतून येतात, पन्नाशीच्या, गप्पिष्ट. अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात, सुई टोचल्याचं कळू देत नाहीत. टीव्हीवर कालचाच भाग थांबवून ठेवलेला होता, मुलगा आणि त्याच्या कमरेचा पंखा. दंडाला रबर बांधता बांधता त्या म्हणाल्या, "अय्यो, हे तुम्ही पण बघता? आमच्या घरात पोरं बघतात की. तो म्हातारा गेला त्या दिवशी धाकटा जेवला नाही हो. मीच रडले, पोळी करपली माझी."

"कोण गेला?"

"तो पंखेवाला. त्याचा गुरू. बर्फात की हो! पोराला पांघरूण घालून स्वतः... अय्य, तुम्हाला ठाऊक नाही?"

दारात नात उभी होती. कॉलेजची पिशवी खांद्याला, तोंड पांढरं. बाईंनी माझा रक्तदाब मोजला, यंत्राकडे बघितलं, म्हणाल्या "परत घेऊया," आणि परत घेतला. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं.

चित्रातला म्हातारा, मास्तर. रेषांचा आणि रंगांचा. तरी मला दरदरून घाम आला. तो मेला म्हणून नव्हे. तो मरून किती दिवस झाले होते, आणि मी त्याला रोज यात्रेत बघत होतो. जे मी बघितलं ती भर होती आणि जी सोडली ती गोष्ट होती. रताळी, जत्रा, दात. पोरीनं भर घालघालून त्याला आठवडाभर माझ्यासाठी जिवंत ठेवला होता.

बाई गेल्यावर मी विचारलं, "का गं?"

"ते फिलरच होतं, अज्जा."

"खोटं बोलू नकोस."

मग ती माझ्या पायाशी बसली. "डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊक नाही. मी एकटीनं नाही केलं. अप्पा म्हणाले, अज्जाला आत्ता काय काय सांगायचं नाही ते आपण ठरवू." एवढं बोलली आणि थांबली. बस चुकेल म्हणून उठली. जाताना टीव्ही बंद करून गेली.

काय काय.

ती गेली आणि कानात दोन पानं उलटली. धोतर झटकल्यासारखी.

सांगतो. गुराख्याच्या कवितेत सोडलेल्या पानाच्या अलीकडे आई उंबऱ्यात कंदील घेऊन उभी असते. पलीकडे गुराखी घरी आलेला असतो आणि चूल गार असते. लहानपणीच मला ते खटकलं होतं. कंदील होता, मग चूल गार का? पण तुम्ही सांगितलं ती भर, म्हणजे भर. पुस्तक तर घरीच होतं, पण मी ते पान कधी उघडलं नाही. तुमचा शब्द मला कवीच्या शब्दाहून मोठा. पुढं कवितेचं वेड लागलं तेव्हा त्या कंदिलापासून गार चुलीपर्यंतच्या अंतरावरच मी भाळलो. जन्मभर लोकांना सांगत आलो, चांगली कविता काय म्हणते ते बघू नका, काय गाळते ते बघा. कचेरीत सांगितलं, लग्नांच्या पंगतीत सांगितलं, बिचाऱ्या बायकोला तर किती वेळा. आणि ती उडी कवीची नव्हतीच! ती तुमची होती. टोपी घातलेल्या एका पोरासाठी मारलेली.

आणखी एक आठवतंय, आजच आठवतंय. माझ्या बाकावरचा सोबती, तुमचा नावडता, कवितेत कायम नापास. तुम्ही "सोडा" म्हणालात तेव्हा पान उलटायच्या आधी मला त्याचं पुस्तक दिसलं. त्या पानावर शिसपेन्सिलीनं शब्दांचे अर्थ लिहिलेले होते. मला वाटलं थोरल्या भावाचं जुनं पुस्तक असेल. त्यानं पटकन पंजा ठेवला त्यावर. मास्तर, तुम्ही ते पान शिकवलं होतं. मी घरी सुतकात होतो तेव्हा शिकवलं होतंत, आणि मी यायच्या दिवशी सगळ्या वर्गाला पढवून ठेवलं होतंत. मागच्या बाकावरची ती पोरं, ज्यांना शाळा कधी सुटते एवढंही पोटात ठेवता येत नव्हतं, त्यातलं एकही हसलं नाही. एकानंही विचारलं नाही, मास्तर, हे तर झालंय की आपलं. आयुष्य गेलं माझं, कुणी बोललं नाही.

हे इतकं कळल्यावर रडू यायला हवं होतं. आलं नाही, कारण दुसरंच काहीतरी वर आलं. तो बाकावरचा सोबती. पुढं तो गावाबाहेर बेलूरच्या कारखान्यात लागला, तिथूनच निवृत्त झाला, दोन गल्ल्यांपलीकडे राहतो. रोज संध्याकाळी आम्ही एकत्र फिरायचो, शिव्या देत. ऑपरेशनहून आलो तेव्हापासून तो एकदाही आलेला नाही. मी विचारलं होतं. नात म्हणाली, "ते लेकीकडे गेलेत, बेळगावला." पटकन म्हणाली. "ते फिलर आहे" म्हणायची, अगदी तसंच पटकन. आणि मग म्हणाली, "पाणी आणते हं."

म्हणजे बेळगाव म्हणजे काय, मास्तर? यात्रा?

हे पत्र टपालात पडायचं नाही, तेव्हा एक कबूल करतो. दोन गल्ल्या. ऑपरेशनला आता दोन महिने होतील, मी फाटकापर्यंत जातो, काल कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. जाऊन बघता आलं असतं. त्याचा नंबर मोबाइलमध्ये सगळ्यात वर आहे. सकाळपासून चार वेळा मोबाइल हातात घेतला आणि चष्म्याच्या घरावर ठेवून दिला. नातीवर रागावलो, तुमच्यावर थक्क झालो, पण खरं सांगू? मला उघडायचंच नाही ते पान. मीच म्हणतोय, राहू दे, पुढचं घ्या.

बेल वाजते आहे. नात पाचच्या आधी येत नाही. या वेळी कोण?

मास्तर, अक्षर हलेल, उभ्यानं लिहितोय. दार उघडलं तर आधी दिसले चार लोखंडी पाय, रबरी टोप्या घातलेले. वॉकर. त्याच्या दांड्यावर लटकणारी गिरमिटाची पुडी, आपले ते मसाला लावलेले चुरमुरे. आणि वर तो. दाढी वाढलेली, अर्धा झालेला, पण तोच. मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, जिवंत असल्याची खात्री केली, आणि आपल्या नेहमीच्या कन्नडमध्ये ओरडला, "एनलेऽ, अदी?" काय रे, आहेस का? मी दार सताड उघडलं. तर म्हणतो, "न्हाणीत पडलो, खुबा मोडला, बेळगावला लेकीकडं होतो. तुझं विचारलं तर म्हणाले तू पुण्याला मेव्हण्याकडं गेलास. पुण्याला? दोन महिने? तू? मला तेव्हाच कळलं, हा मेला आणि ही लोकं मला सांगेनात. आज परत आणलं इथं, सून झोपली, आलो बघायला. फोटोला हार असेल म्हणून पुडी आणली, निदान मी तरी खाईन."

तो आत आलाय, पंख्याखाली बसलाय. मी पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात आलो आणि ओट्यावर कागद ठेवून हे लिहितोय. तो आत येता येताच मी त्याला विचारलं, "गुराख्याची कविता आठवते? मधलं एक पान होतं. म्हण ना."

वॉकरवरचा त्याचा पंजा एकदम सातवीतल्यासारखा पसरला, पान झाकायला.

"मास्तरांनी शपथ घातली होती," म्हणाला.

"अरे, मास्तर जाऊन किती वर्षं झाली!"

"मग? म्हणून काय झालं?"