बाबांना खाली घेतलं तेव्हा

प्रिय मधू,

तू पाठवलेलं ऑक्सिजनचं यंत्र पोचलं. धाप लागली की बाबांना लावते, बरं वाटतं त्यांना. पण सोबतच्या तुझ्या निरोपाला काय उत्तर देऊ? ‘बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवणार असशील तरच येते, नुसतं बसून बघणं मला जमणार नाही.’ फोनवर तू रडतेस आणि बाबा पलंगावरून विचारतात, ‘काय म्हणतेय?’ म्हणून लिहायला बसले.

कार्तिक लागला. गंगेकाठी पंचगंगा घाटावर बांबूंना आकाशदिवे चढले आहेत. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरचा पुराचा गाळ अजून पुरता निघालेला नाही. बाबांना खिडकीतून नदीची एक पट्टी तेवढी दिसते. ‘पाणी निवळलं का ग?’ असं रोज विचारतात. पोटाखाली हात धरून तुला पोहायला शिकवायचे, आठवतं? मी पायरीवर टॉवेल घेऊन उभी असायचे आणि ओरडायचे, ‘अहो, सोडू नका तिला!’ तू मात्र त्यांचा हात झटकून म्हणायचीस, ‘छोड़ो ना बाबा!’ घरात मराठी आणि पाण्यात हिंदी, असली तू.

नवरात्रातल्या त्या सकाळी तू इथे होतीस, हे मला अजूनही बरंच वाटतं. चहा पिता पिता त्यांनी मान टाकली. मी नुसती ‘अहो, अहो’ करत राहिले. तू गालावर थापट्या मारल्यास, श्वास पाहिलास आणि चादरीसकट त्यांना पलंगावरून खाली जमिनीवर ओढलंस. आपल्या गल्लीत माणसाला खाली घेतलं की त्याचा एकच अर्थ होतो. दारात आलेल्या शेजारच्या विष्णुकाकांना वाटलं, पोरीनं शहाण्यासारखं ओळखलं, वेळ आली. त्यांनी सहस्रनाम सुरू केलं, लीलामावशी तुळशीचं पान घेऊन धावल्या. पलंगावर छातीऐवजी गादीच दबते म्हणून तू त्यांना खाली घेतलं होतंस, हे कुणाला ठाऊक! काका गंगाजळाची पळी घेऊन वाकले आणि तू ओरडलीस, ‘काका, हटो ना! पाणी नको!’ तुझ्या कोपरानं ते पिठाच्या डब्यावर जाऊन आदळले. आता सगळ्यांना सांगत फिरतात, ‘वेदमूर्तींना बँकवालीनं लोळवलं.’ तुझ्यावर रागावलेले नाहीत ग. रोज तुझी चौकशी करतात.

तुझ्या बँकेच्या प्रथमोपचार शिबिरात शिकलीस तसं तू छाती दाबत राहिलीस. बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘चहा सांडला का?’ आपण दोघी हसत होतो की रडत होतो, मला अजून सांगता येत नाही.

पण तू पुण्याला गेल्यावरचं फोनवर कधी नीट सांगितलं नाही. त्यांच्या बरगड्या तडकल्या आहेत. कूस वळवताना कण्हतात. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरतात. काकांनी गंमत केली तर हात जोडतात, ‘हसवू नका हो.’

हिमानी डॉक्टर घरी येते, तिला मी सरळ विचारलं, माझ्या मुलीचं चुकलं का? ती म्हणाली, ‘बिल्कुल नहीं, आंटी.’ चालताबोलता माणूस अचानक कोसळला, श्वास थांबला, तर कुणाला विचारत न बसता छाती दाबायची, त्यानं माणसं वाचतात. त्या दिवशी तुला बाबांचं मन ठाऊक नव्हतं, तू योग्य तेच केलंस. पण बाबांच्या पोटातला कॅन्सर यकृतात पसरला आहे, त्यावरचे सगळे उपचार करून झाले आहेत. आता हृदय थांबेल ते बाकीचं शरीर थकलं म्हणून. दाबून तो आजार जाणार नाही. आणखी बरगड्या मोडतील, घशात नळी जाईल आणि आपण काचेबाहेर उभ्या राहू.

मग तिनं त्यांनाच विचारलं, पुन्हा तसं झालं तर काय करायचं? बाबा पूर्ण शुद्धीत होते. म्हणाले, ‘दाबू नका. एकदा मधूसाठी परत आलो. आता पुरे.’ डॉक्टरनं पुन्हा सगळं समजावलं, लिहून घेतलं, त्यांनी सही केली. मी शेजारी होते. सही वाकडी आली म्हणून त्यांना वाईट वाटलं, एवढंच.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर आग्नेस आजारी होत्या, तेव्हा मोठ्या मुलींना त्यांच्याजवळ आळीपाळीनं बसवायचे. मी सारखी चादर नीट करायचे, पाणी विचारायचे. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘अग, तू बस ना.’ तेव्हा मला ते अपमानासारखं वाटलं होतं. आता वाटतं, आयुष्यात इतकं अवघड काम मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. कारण मला भीती वाटते, मधू. त्या क्षणी माझेच हात पुढे होतील, मीच गल्लीत धावत सुटेन ‘कुणीतरी या हो’ म्हणत. दुखू नये म्हणून औषध आहे, डॉक्टरचा नंबर आहे, ओठ ओले करायला कापूस आहे. हातांना एवढंच काम उरलं आहे.

आता खरं सांगते. मी ठरवलं होतं की वेळ आली की तुला आधी कळवायचंच नाही. तू फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावशील आणि मला नाही म्हणता येणार नाही, म्हणून सगळं झाल्यावर कळवायचं. काल बाबांच्या पायांवर सूज दिसली. डॉक्टर म्हणाली, मुलीला बोलवा. आणि मला कळलं, तुला असं फसवून मला पुढे जगता येणार नाही. म्हणून हे लिहिलं, कागदाचा फोटो काढून आत्ताच तुझ्या फोनवर पाठवते. ॲम्ब्युलन्स मी बोलावणार नाही, तुलाही बोलावू देणार नाही. हे मान्य करून येता येत असेल तर लगेच ये. नाहीच जमलं तर मी रागावणार नाही, पण बाबा दाराकडे बघतात ते मला बघवत नाही. आलीस की त्यांच्या डाव्या अंगाला बस, उजवीकडे अजून हात लावू देत नाहीत.

तुझीच,
आई