हाकेला ओ

सोमवार, ३ तारीख
आज रुजू झाले. राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यटक कार्यालयात माझं काम म्हणजे येणाऱ्यांच्या सहली आखून देणं. राहायची खोली लहान, पण खिडकी उघडली की थेट झाडीच. पहिली सहल धाकट्या बहिणीचीच आखणार. आमच्या चिमणीला शनिवारी बोलवायचं. कुटी, पायवाट, पाण्याच्या बाटल्या, जाड मोजे, सगळं आधीच ठरलेलं बरं, नाहीतर मला झोप लागत नाही.

कार्यालयाच्या प्रमुख मॅडमनी एकच गोष्ट बजावली. झाडीत कुणाला हाक मारायची नाही आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. इथे सगळे शिट्टी वाजवतात. मला हसू आलं. आमच्या घरी हाकेला ओ दिली नाही तर आई ताट वाढायची नाही, असं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत.

"जंगलाला कान आहेत," म्हणाल्या. "तोंड आपण द्यायचं नाही."

बुधवार, ५ तारीख
मोबाइलला रेंज फक्त पायवाटेच्या तोंडाशी, मोठ्या झाडाखाली. तिथे उभं राहून चिमणीला सगळा बेत सांगितला आणि तिच्याकडून वदवून घेतला. मागच्या फाटकाशी उतर, बाकावर बस, मी हाक मारली की ओ दे आणि आवाजाच्या दिशेने ये. ही सहल आहे की तोंडी परीक्षा, असं तिने विचारलं.

फोन ठेवून वळले, तर मागून 'ताई' अशी हाक आली. आवाज तिचाच. फोन चालू राहिला असेल म्हणून पाहिलं. बंद होता. तोवर माझ्या तोंडून ओ निघून गेली होती.

गुरुवार, ६ तारीख
मॅडमना सांगून टाकलं, लपवणं जमत नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आधीच्या मुलीनेही ओ दिली होती, एवढंच बोलल्या आणि माझ्यासाठी चहा मागवला. ती मुलगी आता कुठे असते, हे मला विचारवलं नाही.

संध्याकाळी खिडकीशी होते. झाडीतून माझाच आवाज आला. आधी नुसती ओ. मग 'जाड मोजे'. मग, घोकून पाठ केल्यासारखं, 'मागच्या फाटकाशी उतर' —

शुक्रवार, ७ तारीख
सहल रद्द. कार्यालयाचा फोन बंद पडलाय, म्हणून त्याच झाडाखाली जावं लागलं. येऊ नकोस, म्हटलं. चिमणी वैतागली. एकदा काय ते ठरव म्हणाली, आत्ताच तर फोन करून आजच ये म्हणालीस, मी बसमध्ये आहे.

मी फोन केला नव्हता.

मागचं फाटक
बाकावर तिची पिशवी. ती नाही.

शिट्टी वाजवली. पण शिट्टीचं तिला सांगितलंच नव्हतं. हाकेचं सांगितलं होतं.

हाक मारू? ती कुठल्या ताईकडे —

झाडीच्या आतून माझा आवाज. चिमणे, इकडे ये गं.

तिची ओ. आनंदाने दिलेली. लांबून.

चिमणे, थांब, असं ओरडले. झाडीनेही तेच म्हटलं. माझ्याआधी.

आता काहीच ऐकू येत नाही —

मागून. अगदी जवळून. ताई.

तीच असेल. घाबरली असेल. मी गप्प राहिले तर तिला वाटेल की — आईने शिकवलंय, हाक आली की आधी ओ —