सैनिकाची आई, मुक्काम वारे

॥ श्री ॥
मु. वारे, ता. २७ ऑक्टोबर १९३६

चि. काशीरामास सावित्रीचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

आई बरी आहे, गुडघा सोडून. परवा दसरा झाला. हळवे भात घरात आले, गरवे कापायला अजून आठ दिवस लागतील. कातळावरचे गवत पिवळे पडले आहे, आणि आभाळ इतके निवळले आहे की होड्या पार मालगुंडाकडे गेल्या तरी शिडे मोजता येतात. पावसात धुतलेले सगळे देवाने वाळत घातले आहे असे वाटते. हसू नकोस. तुझी वर्तमानपत्रे वाचून मलाही चार वाक्ये सुचतात.

आता तुझ्या पत्राचे. येत्या निवडणुकीत फौजेचे पेन्शन असलेल्या आयांना मत देता येते, तेव्हा आईचे नाव यादीत घाल, असे लिहितोस. मुंबईत बसून लिहायला तुला काय जाते! अर्जात सांगावे लागते की मी मयत सैनिकाची आई. शिवादादा महायुद्धात बसऱ्याकडे कामी आल्याचा कागद आला त्याला एकोणीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत तो शब्द आईच्या तोंडून मी ऐकलेला नाही. पेन्शनला ती अजून शिवाचा पगार म्हणते. या नवरात्रातही तिने देवीला त्याला सुखरूप ठेव म्हटले आणि मी शेजारी मान खाली घालून उभी राहिले. मी तिला काही विचारणार नाही. तू रागावलास तरी चालेल.

खाणावळीत अर्धपोटी राहू नकोस. माया आहे तशी राहू दे.
तुझी अक्का

लालबाग, मुंबई, ता. ५ नोव्हेंबर १९३६

ती. सावित्रीअक्कास काशीरामाचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र दुपारच्या सुट्टीत वाचले. नंतर छापखान्यात खिळे जुळवताना दोनदा ओळ चुकली आणि मुख्य जुळाऱ्याने सर्वांदेखत माझी हजेरी घेतली. पण तुझ्यावर रागावलेलो नाही.

इथे रोज सभा असतात. मीही जातो, घसा बसेपर्यंत घोषणा देतो. आपल्या गावात मत असलेले बहुतेक लोक खोतांच्या शब्दाबाहेर नाहीत. आईचे एक मत तरी मोकळे असावे, एवढेच मनात होते. पण ते तिच्या जिवापेक्षा मोठे नाही. विषय सोडून दे. सभेत ओरडणे सोपे आहे, अक्का. आईचे तोंड बघून एकोणीस वर्षे गप्प राहणे तुलाच जमले.

दिवाळीला रजा नाही. भाऊबीजेला माझ्या पाठच्या चंद्राला ओवाळ आणि माझ्या वाटचे पोहे तूच खा. धाकट्यावर लोभ ठेव.
तुझा काशीराम

॥ श्री ॥
मु. वारे, ता. २२ नोव्हेंबर १९३६

चि. काशीरामास अ. उ. आशीर्वाद वि. वि.

तू विषय सोड म्हणालास आणि आईने तो धरला. कसे झाले ते लिहिते.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही पोहे कांडत होतो. खोतांचा कारभारी भिकाजी अंगणात आला. अर्ज लिहूनच आणला होता. म्हणाला, म्हातारे, रत्नागिरीपर्यंत कशाला दगदग, अंगठा तेवढा कर, पुढे मताचेही मीच बघतो. आणि मोठ्याने वाचू लागला, कैलासवासी शिवा म्हणून. माझ्या हातातले मुसळ हातातच राहिले. आईने त्याला पुढे वाचू दिले नाही. म्हणाली, शिवाला नऊ महिने मी वागवलाय, त्याचे काय सांगायचे ते मी सांगेन. भिकाजी चपला शोधू लागला.

तो गेल्यावर तिने मला एवढेच विचारले, की त्या कागदावर शिवाचे नाव येते का. मी येते म्हणाले.

बुधवारी पहाटे रत्नागिरीला निघालो. वाटेतली आरे, काळबादेवी ही गावे चालत मागे टाकली, साखरतरला तरीतून खाडीपलीकडे उतरलो. कचेरीतला कारकून भला होता. त्याने विचारले, सैनिक तुमचा कोण. म्हणाली, थोरला. हल्ली कुठे आहे, असे त्याने विचारले. कारकुनाने टाक दोनदा दौतीत बुडवला. उत्तर माझ्या जिभेवर आले होते, तर तिने माझा हात दाबला. मग म्हणाली, बसऱ्याला गेला आणि तिथेच मेला, लिहा. कारकुनाने टाक खाली ठेवला आणि तो उठून उभा राहिला. देवळात मी पुष्कळदा हात जोडले आहेत, पण त्या वेळी आईपुढे ते आपोआप जुळले.

परतताना तरीत बसली आणि बोलू लागली. दादा पोहायला कसा शिकला, कोणावर रुसायचा, फौजेत जाताना तुला खांद्यावर घेऊन बांधापर्यंत कसा गेला. किनारा लागला तरी थांबेना. तरीवाला कमाल पुढची खेप सोडून ऐकत बसला. घरी येऊन ती पोटभर रडली, आणि दुसऱ्या दिवशी उठून नाचणी दळायला बसली.

तब्येत सांभाळ, पत्र लवकर लिही.
तुझी अक्का

लालबाग, मुंबई, ता. ३० नोव्हेंबर १९३६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून छापखान्याच्या जिन्यात बसून राहिलो. सोबतीच्या जुळाऱ्यांनी विचारले, तेव्हा त्यांना सांगितले की मला थोरला भाऊ होता. दोन वर्षे ते मलाच थोरला समजत होते.

एक गोष्ट तुलाही कधी बोललो नाही. मला दादा आठवत नाही. मी तीन वर्षांचा होतो. घरात सगळे तो यायचाच आहे असे वागत, मग तो होता कसा हे विचारायचे कोणाला? आई त्याचे नाव काढी तेव्हा मी आठवत असल्यासारखी मान हलवी. खांद्यावर घेतल्याचे तू लिहिलेस, ते चार वेळा वाचले.

आई कोणाला मत देणार ते मी विचारणार नाही, तूही विचारू नकोस. कचेरीत एकटीने तो शब्द उच्चारणाऱ्या बाईला आम्ही सभावाल्यांनी काय शिकवायचे?

तरीत ती आणखी काय बोलली ते मात्र पत्रात लिहून पाठवू नकोस. रजा मिळाली आहे, शनिवारच्या आगबोटीने निघतो. मला दादा आठवत नाही, हे आईला मीच सांगेन. मग ती सांगेल आणि मी ऐकेन.

मोठेपणी केलेली ही कबुली पोटात घाल, आणि धाकटा म्हणून जवळ घेत आलीस तशीच घेत राहा.
तुझा काशीराम