गोलमागचा लाल दिवा

१२ एप्रिल १९८४, गुरुवार

मी, ओनेझिम त्रेपानिए, वय वर्षे शहात्तर, राहणार सेंत-एलोई, सोन्याच्या खाणीतून निवृत्त, शिक्षण इयत्ता चौथी, सत्य लिहून देतो की, काल संध्याकाळी बर्फावरील हॉकीच्या सहाव्या सामन्याच्या जादा वेळेत चकती गोलरेषेच्या आत गेलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी—

इथे लेखणी थांबली. बरे झाले की सामन्याच्या अहवालाचा मसुदा या वहीत करीत होतो, हॉकी संघटनेच्या कागदावर नव्हे.

एकतीस वर्षे मी उत्तरेकडच्या गोलामागे, काचेला टेकलेल्या खोपटात बसत आलो आहे. चकती रेषेपार गेली की कळ दाबावयाची. वर लाल दिवा लागतो. गोलपंचाला बाजू नसते. बाद फेरी सुरू झाल्यापासून गावातल्या एकाही पुरुषाने दाढी केलेली नाही. आमचे खाणवाले, म्हणजे गावचा संघ, एक तर चषक आणतील, नाही तर हरतील. तोवर वस्तरा वर्ज्य. माझ्या बायकोने, अल्दिनाने, संघाच्या रंगाचे हिरवे मोजे महिनाभर धुतलेले नाहीत! मी मात्र रोज सकाळी दाढी करतो. एकतीस वर्षांत एकदाही टाळी वाजविली नाही. याहून निष्ठा ती कोणती?

काल दोन-दोन अशी बरोबरी होती. अंतिम मालिकेत समोरच्या संघाचे, लाकूडतोड्यांचे, तीन विजय, आमचे दोन. त्यांनी गोल केला असता तर सारे संपले असते. त्यांच्या गोलापुढे पायांची गर्दी झाली. माझा डावा डोळा खाणीने पूर्वीच नेला. उजव्याच्या मधोमध शरद ऋतूपासून एक डाग आहे, काचेवर फुंकर मारल्यासारखा. चकती त्या डागात शिरली आणि नाहीशी झाली. मग ‘टण्’ असा आवाज आला, जाळीच्या मागच्या दांड्याचा. लोक ओरडले. अंगठ्याने कळ दाबली.

पंचांनी दिव्याकडे पाहिले आणि गोल दिला. मालिकेत तीन-तीन विजय!

लाकूडतोड्यांचा गोलरक्षक रेजां माझ्यापुढे हातभर अंतरावर पालथा पडला होता. काचेच्या फटीतून तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं,” मी म्हणालो.

१३ एप्रिल, शुक्रवार

संघटनेचे चिटणीस कॉतन्वार यांचा दूरध्वनी. लाकूडतोड्यांनी तक्रार केली आहे. नियम असा, की पंचांना स्वतःला दिसले नसेल आणि गोलपंचानेही पाहिले नसेल, तर गोल धरला जात नाही. पंच म्हणतात, मी केवळ दिवा पाहिला. मंगळवारी दुपारी बारापर्यंत माझे निवेदन हवे.

“एक ओळ लिहा काका, सही ठोका, मोकळे व्हा. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?”

 उत्तरादाखल फक्त “होय” म्हणालो.

१४ एप्रिल, शनिवार

दाढी करताना दोन ठिकाणी कापले.

चर्चमध्ये ईस्टरपूर्वीचा कबुलीजबाब. जाळीपलीकडे फादर स्वतःची दाढी खाजवीत होते. ऐकू येत होते.

“मी खोटे बोललो, फादर. एकच शब्द.”

“कोणता?”

“पाहिलं.”

खाजवणे थांबले. मग हलक्या आवाजात, “अरे ओनेझिम, पण आत गेली असेलच ना ती?”

“मला ठाऊक नाही.”

“अरे देवा!” फादर म्हणाले. ती प्रार्थना नव्हती.

१५ एप्रिल, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चबाहेर लोक माझा हात सोडीनात. “काय डोळा आहे म्हाताऱ्याचा!” उतरताना शेवटची पायरी दिसली नाही. हात धरलेले होते म्हणून पडलो नाही.

१६ एप्रिल, सोमवार

वाटाण्याचे सूप वाढून अल्दिना म्हणाली, “मीठ द्या जरा.”

मी नेहमीच्या जागी हात घातला. नव्हते. मेज चाचपडले. ते माझ्या ताटापुढेच होते. तिनेच ठेवले होते.

“कधीपासून?” तिने विचारले.

“ऑक्टोबर.”

“सप्टेंबर. तुम्ही माझ्या बहिणीला मॅडम म्हणून सलाम ठोकलात, तेव्हापासून.”

मग मी तिला सगळे सांगितले. खरे लिहिले तर चषक जाईल, खोपटे जाईल, गाव तोंड फिरवील. खोटे लिहिले तर कोणालाही कळणार नाही.  १९४३ साली खाणीत छत खचले तेव्हाही इतका भ्यालो नव्हतो. अंधाराला भ्यालो की गावाला, हे मला सांगता येईना.

ती हिरव्या मोज्यांकडे पाहत होती. “तुम्हाला आंधळं म्हणायची मला सवय होईल,” ती म्हणाली. “खोटारडं म्हणायची सवय मला लावू नका.”

थोड्या वेळाने: “पण चषक गेला तर मी तीन दिवस बोलणार नाही. ते वेगळं.”

१७ एप्रिल, मंगळवार

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी निवेदन दिले. “चकती मी पाहिली नाही. ऐकली.” खाली सही. कॉतन्वारांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढला. “काका, हे काय केलंत?”

खोपटाची किल्ली मी आपण होऊन मेजावर ठेवली.

१८ एप्रिल, बुधवार

गोल रद्द. सामना बरोबरीत धरला, म्हणजे विजय तीन-दोनच राहिले. सातवा सामना होणार नाही, चषक लाकूडतोड्यांकडे. दुपारपर्यंत सगळ्या गावाने दाढ्या काढल्या. रस्त्यावर ओळखीची माणसे, पण पांढरीफटक, उघडी पडल्यासारखी. कोणी बोलले नाही. बेकरीवाला तेवढा बोलला: “पाव समोरच आहे, गोलपंच. दिसतोय ना?”

त्याच्या मागे कोणीतरी म्हणाले, “एकतीस वर्षं घरात घूस पाळली आपण.”

मी पैसे ठेवले आणि पाव न घेताच आलो.

१९ एप्रिल, गुरुवार

अल्दिना बोलत नाही. मोजे धुऊन दोरीवर टाकले आहेत.

आता दारावर थाप पडली की मी उठत नाही.

२१ एप्रिल, शनिवार

सकाळी दहा वाजता दारावर थाप पडली. अल्दिनाने उघडले. रेजां! शंभर किलोमीटर गाडी चालवून आला होता. टोपी हातात. बस म्हटले तरी बसला नाही.

“आजोबा, ती आत होती.”

मी त्याच्या आवाजाच्या दिशेने वळलो.

“रेषेच्या आत, चांगली वीतभर. दांड्याला लागली. मी पालथा पडलो आणि हातमोज्याखाली ओढून घेतली. तुम्ही पाहिलं म्हणालात, तेव्हा वाटलं, संपलं. मग तुम्ही पाहिलं नाही असं लिहून दिलंत... आणि मी गप्प राहिलो. परवा आमच्या गावात मिरवणूक होती. मला खांद्यावर घेतलं.” त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. सहा दिवस तो माझ्याच घशात होता.

तीन दिवस पुरे व्हायच्या आतच अल्दिना बोलली. “आत्ता! आत्ता फोन लावा कॉतन्वारांना!”

“नको,” मी म्हणालो. “माझे मी लिहिले. त्याचे तो लिहील.”

संघटनेच्या कागदांपैकी एक कोरा उरला होता. तो आणि लेखणी मी मेजावर सरकवली. रेजांने टोपी मेजावर ठेवली. मग बसला. “कशी सुरुवात करतात?” त्याने विचारले.

“नाव, वय, राहणार,” मी सांगितले.

लेखणीचा कुरकुर आवाज येत आहे. सव्वादहा वाजले. उपस्थित साक्षीदार: अल्दिना त्रेपानिए, डोळ्यांनी. ओनेझिम त्रेपानिए, कानांनी.