थांबलेल्या सामन्याची उरलेली मिनिटे खेळवण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
शालेय फुटबॉल विभाग,
क्रीडा कार्यालय

विषय : दहा वर्षांखालील मुलांचा अर्धवट राहिलेला सामना अर्जदाराच्या मुलीकडूनच पूर्ण करून घेण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, 'सामना संपण्यापूर्वी विनापरवानगी मैदान सोडल्याबद्दल खुलासा'.

महोदय,

१. अर्जदार शिलाईकाम करते. नोटीस जिच्या नावे आली ती रेफरी अर्जदाराची मुलगी. उत्तर लिहायला बसली की ती कागदावर सामन्याची उरलेली मिनिटेच मांडत बसते, म्हणून आई लिहीत आहे. भाषेत कमीजास्त झाल्यास पदरात घ्यावे.

२. सामना संपत आला असता मुलीने पेनल्टी दिली. ज्या गोलकीपरने समोरच्या पोराला पाडले, त्याचे वडील कठडा ओलांडून आत आले. कठड्यामागून आधीपासूनच 'डोळे घरी ठेवून आलीस का?', 'शिट्टी टाक, भांडी घास जा' असे चालू होते; बोलणारे सगळे लेकुरवाळे. त्या गृहस्थांनी तिच्या कानाखाली आवाज काढला. ती खाली बसली. बसता बसता तिने मनगटावरचे घड्याळ थांबवले, कारण खेळ थांबला की रेफरीने घड्याळ थांबवायचे असते, असे आपल्याच प्रशिक्षणात शिकवले आहे. मग कोणीतरी तिला उचलून दवाखान्यात नेले. कानाचा पडदा फाटला आहे. पूर्वीसारखे ऐकू येईल, असे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत.

३. त्या गृहस्थांना समज देऊन सोडले आणि मुलीला नोटीस काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! पेनल्टी योग्य होती काय, असेही नोटिशीत विचारले आहे. ती अयोग्य असती तर थप्पड योग्य ठरली असती काय, हे अर्जदारास कळवावे.

४. खरे दुखणे पुढेच आहे. रेफरीने शेवटची शिट्टी दिल्याशिवाय सामना संपत नाही, हा नियम मुलीने मनाला लावून घेतला आहे. ते थांबलेले घड्याळ ती जेवतानाही काढत नाही, की कोणाला शून्यावर आणू देत नाही. अर्जदार म्हणाली, "बाई गं, संपला तो खेळ, गेला चुलीत." तर म्हणते, "आई, पोरं अजून मैदानावरच उभी आहेत गं." महोदय, त्या दिवशी अर्जदाराला मशीनवर बसवले नाही. पोर डोळ्यांदेखत झिजते आहे आणि आईला काही करता येत नाही.

५. तरी पेनल्टीपासून पुढची मिनिटे खेळवावीत. पालकांना फाटकाबाहेर ठेवावे, अर्जदारासह. असा सामना नियमात बसत नसेल तर अनधिकृत धरावा, निकाल कुठेही नोंदवू नये. मैदान मोकळे नसल्यास आपल्या कार्यालयामागे गाड्या लावतात तिथे चालेल. रेषा अर्जदार शिवणाच्या खडूने आखून देईल. मुलीला एकदा शेवटची शिट्टी वाजवू द्यावी. नंतर नोटिशीवर जी शिक्षा द्यायची ती द्यावी, तक्रार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
रेफरीची आई
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) कानाच्या तपासणीचा दाखला.
२) नोटिशीची प्रत.
३) दोन्ही संघांच्या मुलांनी आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी : 'आम्ही खेळायला येऊ. ताईलाच पाठवा.' खाली सगळ्यांच्या सह्या आहेत, गोलकीपरचीही. त्याची सही कृपया त्याच्या वडिलांना दाखवू नये. त्याला मार बसेल.