ओल्या फडक्यातल्या लोंब्या

भंडारा
१६ ऑक्टोबर १९८३

प्रिय मालन,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते अन् उठते. कॉलेजातून घरी आलं की अंगात त्राणच राहत नाही गं. दिवसभर पोरांना तेच ते सांगायचं: स्लाइड आडवी धरू नका, भिंगाला बोट लावू नका. ऐकतंय कोण? सतरा वर्षं त्या सूक्ष्मदर्शकात एक डोळा घालून बसले, आता दोन्ही डोळे चुरचुरतात. तुझी ही थोरली बहीण म्हातारी झाली समज.

तू विचारलंस, विशाखाला याही वर्षी पोळ्यानंतर दम लागला, पण दिवाळीच्या सुट्टीत अड्याळला आजोबांकडे जायचा हट्ट करते, नेऊ का? आणि खाली स्वतःच लिहिलंस, धान उभा असेल तर नको ना. हे वाचून मी पत्र घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवलं. त्याच्यावर तांदूळही ओतले असते, बापा, इतकं ते नकोसं झालं.

अठ्ठ्याहत्तर साल आठवतं? पोर तीन वर्षांची, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. डॉक्टर म्हणाले, हवेतल्या परागकणांचं असू शकतं. मग मीच हौसेने पुढे झाले. काचपट्टीला ग्लिसरीन लावून तुमच्या अड्याळच्या घराच्या कौलावर दिवसभर ठेवली, अशा सात पट्ट्या केल्या. तुझे सासरे, आनंदराव मामाजी, शिडी धरून उभे होते. भंडाऱ्याला आणून मी त्या रंगवून पाहिल्या अन् सांगितलं की धानाचे पराग आहेत, हिला धानापासून दूर ठेवा. घरातल्या कोठीत, तणसाच्या पेंढ्यांत, अंगावरच्या कपड्यांत ते वर्षभर राहतात, असंही वर जोडलं. महिन्याभरात परसरामांनी फॅक्टरीतली नोकरी धरली आणि तुम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरात गेलात. एकुलता एक लेक शेती सोडून चालला, पण मामाजींनी एका शब्दाने अडवलं नाही.

त्यानंतरचं तुला अर्धंच माहीत आहे. ते तुमच्याकडे येतात तेव्हा आधी दारातल्या नळावर आंघोळ करतात, धुतलेलं धोतर नेसतात आणि मगच नातीला जवळ घेतात, हे तू पाहतेस. पण दरवर्षी धान निसवला की ते माझ्याकडेही येतात. एसटीने, ओल्या फडक्यात लोंब्या गुंडाळून. पहिल्या वर्षी लुचई आणली, मग हिरानखी, मग चिन्नोर. म्हणायचे, "बाई, पाहून घे. हा वाण तरी पोरीले चालंल का? चालत असन तं तेवढाच लावतो." मी भिंगाखाली बघायचं नाटक करायची आणि नकाराची मान हलवायची. ते फडकं झटकून, घडी करून परत न्यायचे. चहा घ्या म्हटलं तर "गाडी चुकंल" म्हणायचे. गाडी तर दीड तासाने असायची.

आता सांगतेच. धानाचा परागकण गोल, गुळगुळीत असतो, त्याला एकच भोक, भोकाला कडा. चिन्नोर काय, लुचई काय, भिंगाखाली सारे सारखेच. तुमच्या कौलावरच्या पट्ट्यांवर त्यांतले दहा-बारा होते. बाकी सगळे बारके, काटेरी, तीन खाचांचे. माझा कॉलेजातला पहिल्या वर्षाचा पोरगाही ते ओळखेल. ते गाजरगवताचे होते, मालन. रस्त्याच्या कडेने नुकतंच आलेलं ते पांढऱ्या फुलांचं गवत. मी चुकले नव्हते, मी खोटं बोलले.

काहून, ते तुला सांगायला नको. त्या वर्षीच्या धानाच्या रोवणीला तू माहेरी आलीस तेव्हा तुझ्या पायाच्या बोटांतलं मांस चिखलाने कुजून पांढरं झालं होतं. तू चपला दाराबाहेर काढून पाय लुगड्याखाली लपवलेस अन् हसत होतीस. मला वाटलं, हिला त्या धानाच्या बांध्यांतून काढायला दुसरं कुणी येणार नाही. मग धानावर आळ घातला. पण क्वार्टरांच्या मागे गाजरगवत कमरेएवढं वाढलंय हे मी दरवेळी बघत होते, आणि ते उपटा म्हटलं तर माझं बिंग फुटेल म्हणून पाच वर्षं गप्प बसले. पोरगी धापा टाकत राहिली. आणि ज्या माणसाने छप्पन्न साली दीक्षा घेऊन विटाळाचं जू फेकलं, त्याला मी त्याच्याच नातीपुढे विटाळलेला करून ठेवलं. माय वो, याची मला किती लाज वाटते ते लिहिता येत नाही.

गेल्या मंगळवारी मामाजी आले ते रिकाम्या हाताने. लोंब्या कुठायत, विचारलं. म्हणाले, घराजवळच्या तिन्ही बांध्या औंदा पडीक टाकल्या, तणसही गावाबाहेर हलवलं. "आता तं काहीच नाही, बाई. आता येईल का पोरगी?" मी सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी आधी एवढंच विचारलं, धानाने तिला काही होत नाही ना, नक्की? मी म्हटलं, धानाचा दोष नाही. मग म्हणाले, "मालनचे पाय मीबी पाह्यले होते. मले बोलता नाही आलं, तू बोलली. पण तिले हे सांगू नको. थे माह्यासाठी वापस येऊन रोवणीले उभी राहीन." मी हो म्हटलं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र मिळेल त्या दिवशीच परसरामांना सांगून ते गवत मुळासकट उपटून घ्या, नाकाला फडकं बांधून. अड्याळच्या घराभोवतालचं उपटायला मी मामाजींना सांगितलंय. तू शेतात परत जाऊ नकोस, पण विशाखाला घेऊन सुट्टी लागेल त्या दिवशी अड्याळला जा. माझ्याशी बोलायचं की नाही ते मागाहून ठरव. मामाजी दारात उभे असतील, आणि सवयीने आंघोळ करायला वळतील. त्यांना वळू देऊ नकोस.

तुझीच,
वच्छलाबाई